देठाला दोन पानं

९ जानेवारी २०१६, शनिवार

डॉक्टरांनी आज सरळ सांगून टाकलं. श्रीरंगचा डावा डोळा संपला. उजव्याने जे दिसतं ते नळीतून बघितल्यासारखं, आणि ती नळी दिवसेंदिवस बारीक होत जाणार. काचबिंदू. "जितना बचा है, उतना सँभालिए," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बाहेर आल्यावर हा मला विचारतो, "मालू, छोले-भटूरे खायचे का?" असा राग आला! अरे, रडायचं सोडून खायचं कसलं सुचतं तुला? मग लक्षात आलं, घाबरलाय. खाल्ले. तेलकट होते.

आजपासून त्याचं सगळं वाचणं-लिहिणं माझ्याकडे. पत्रं, ईमेल, पेपर, औषधांच्या बाटल्या. दिवसभर त्याचे शब्द लिहायचे तर चार ओळी माझ्याही हव्यात, म्हणून ही वही. ही तो वाचू शकणार नाही, हे मनात आलं तेव्हा मेलं बरंही वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

१७ जानेवारी, रविवार

आमच्या घरात तिसरं माणूस म्हणजे इजिप्त. आमचा मुलगा वेदांत जन्मला त्या वर्षी श्रीरंगला त्या चित्रलिपीचं वेड लागलं. दिवसा औषधांच्या प्रयोगशाळेत केमिस्ट, उरलेला वेळ घुबडं, साप आणि बगळे. घुबड म्हणजे 'म'. बालवाडीत वेदांतने 'म मगरीचा'च्या जागी घुबड काढलं होतं आणि बाईंनी मला बोलावून घेतलं होतं.

आता नवीन प्रकरण असं आहे. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला क्रमांक कळतो. आपल्या 'क'ला एक क्रमांक, 'ख'ला दुसरा, जगभर तोच. इजिप्तच्या हजारेक चिन्हांना असे क्रमांक सात वर्षांपूर्वी मिळाले. जी राहिली त्यांची यादी आता एक समिती करतेय आणि तिने लोकांकडून चिन्हं मागवलीत. मुदत ३१ मार्च. एकदा दिलेला क्रमांक परत घेत नाहीत, कारण तोवर कुणीतरी त्याने काहीबाही लिहून ठेवलेलं असतं. जग बुडालं तरी तो राहणार, हे सांगताना श्रीरंगचा आवाज देवळात गेल्यासारखा होतो.

आणि याच्याकडे एक चिन्ह आहे. अमीनाबादेत नुज़हत आपा म्हणून एक बाई राहतात. त्यांच्या सासऱ्यांचे वडील बॅरिस्टर. विलायतेहून येताना सुएझला बोट थांबली तेव्हा त्यांनी एका शवपेटीची फळी विकत घेतली. ती अजून घरात आहे. १९९९ साली श्रीरंगने ती लांबून पाहिली होती, कारण आपांचे मियाँ कुणाला हात लावू देत नसत. तिच्यावर एक चिन्ह आहे: देठ आणि वर तीन कळ्या. इथपर्यंत नेहमीचं, यादीतलं. पण बुडाशी आणखी काहीतरी होतं, असं हा सतरा वर्षं सांगतोय. मियाँ गेले, तर आता याचे डोळे नाहीत.

"तू जा," म्हणाला. "बुडाशी काय आहे ते बघ आणि काढून आण. तुझ्यासारखा हात लखनौत दुसरा नाही."

नवऱ्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं. जाते.

२ फेब्रुवारी, मंगळवार

अमीनाबादेत रिक्शा पुढे जाईना, शेवटचा तुकडा चालत गेले. कापडाच्या दुकानावर तिसरा मजला. जिना असा की पाय ठेवायला भीती वाटावी. आपा सत्तरीच्या, ठणठणीत. "शेवडे साहब की आँखों का सुनके बहुत अफ़सोस हुआ," म्हणाल्या, आणि मग, "तख़्ता रज़ाइयों के नीचे है, पलंग के अंदर."

चार रजया, दोन गाद्या उपसल्या. खाली फळी, जुन्या चादरीत. वाळवी लागली होती. खालच्या बाजूला मातीचा पापुद्राच बसला होता. मी ब्रश काढला तर आपा ओरडल्या, "ना ना, झाड़िए मत, सब झड़ जाएगा!" म्हणून तसंच काढायला बसले.

देठ स्वच्छ. तीन कळ्या स्वच्छ. बुडाशी डावीकडे एक वाकडी खोल रेघ, देठातून निघून खाली वळलेली. म्हणजे पान. श्रीरंग खरं सांगत होता! उजवीकडे सगळी माती. पण पान एका बाजूला आहे तर दुसऱ्या बाजूला असणारच. या जातीच्या देठाला पानं समोरासमोर येतात.

वनस्पती संस्थेत एकतीस वर्षं मी हेच केलं. वाळवलेली झाडं कागदावर चिकटवलेली यायची, एकाची फुलं गळलेली, एकाची मुळं तुटलेली, एकाचं अर्धं पान किड्याने खाल्लेलं. त्या तीन मोडक्यांतून मी एक धड झाड काढायचे. सायंटिस्ट म्हणायचे, मॅडम, असली पौधा भी इतना पूरा नहीं होता. दोन तास बसून चित्र केलं. आपांनी शेवया दिल्या.

६ फेब्रुवारी

आज शाई पूर्ण झाली. कॉम्प्युटरवर चित्र मोठं केलं आणि श्रीरंगला स्क्रीनला नाक लावून बसवलं. तो वरून खाली तुकड्या-तुकड्याने बघत गेला. कळी, कळी, कळी, देठ. मग डावं पान. मग चित्र सरकवून उजवं.

"दोन पानं," म्हणाला. "मालू, दोन पानं होती!" आणि हा माणूस, जो आईच्या तेराव्याला रडला नव्हता, तो ढसाढसा रडला. मग मीही.

म्हणाला, अर्जात चित्रकार म्हणून तुझं नाव घालणार, पूर्ण. संस्थेत माझं नाव एकूण सात वेळा छापलं गेलं, मुंगीएवढ्या अक्षरात. नव्या झाडाला सायंटिस्टचं नाव लागतं. ज्या बाईने ते झाड जगाला दाखवलं तिला कोण विचारतंय? या चिन्हाचा मात्र माझ्या हातचा आकार कायम राहील. हे मी कुणाला बोलून दाखवणार नाही, पण मला ते हवंय.

२८ मार्च

पाठवलं. श्रीरंगने सात वेळा वाचून घेतलं. माझा घसा बसला.

१९ जुलै, मंगळवार

समितीच्या बाईंचा ईमेल आला. गोड लिहिलंय, पण मुद्दा टोकदार. चित्र सुंदर आहे. वरचा भाग नेहमीच्या चिन्हासारखाच आहे, तेव्हा नवेपणा फक्त बुडाच्या दोन पानांत आहे. तेवढ्या भागाचा जवळून काढलेला फोटो पाठवाल का?

श्रीरंग खूश. "रास्त प्रश्न आहे. जा आणि काढून आण." डोळ्यांचं हल्ली असं आहे की ताटातली भाजी कुठे आणि लोणचं कुठे ते मी सांगते. घड्याळाच्या काट्यांवरून. तीन वाजता भाजी, नऊ वाजता लोणचं.

२३ जुलै, शनिवार

फोटोत नुसती माती येत होती. आपा नमाज़ला गेल्या तेवढ्यात मी ब्रश फिरवला. हलक्या हाताने, अगदी पापणीने झाडावं तसा.

उजवीकडचा पापुद्रा सुटून आला. खाली लाकूड शाबूत. गुळगुळीत. कोरल्याची खूण नाही, खरवडा नाही, काही नाही.

मग भिंग घेऊन डावं पान बघितलं. ती रेघ देठापाशी सुरूच होत नाही. ती देठाच्या मागून येते, चौकटीची रेघ ओलांडते आणि फळीच्या कडेला जाऊन लाकडात शिरते. तिच्या तळाशी माती. वाळवीची वाट आहे ती.

दोन पानं नाहीत. एकही नाही. नेहमीचं चिन्ह आहे.

आपा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, आपका तो चेहरा उतर गया." मी म्हटलं, उकडतंय. फळी जागेवर ठेवली, रजया भरल्या, जिना उतरले. मोहन मार्केटपर्यंत आल्यावर कळलं की छत्री वरच राहिली. परत गेले नाही.

२४ जुलै

सांगायचं ठरवून उठले होते. चहा घेऊन गेले तर हा उशीवर बसून मनातल्या मनात लेख रचत होता. चिन्हाचा अर्थ सापडलाय म्हणे. देठाला दोन पानं, म्हणजे औषधी पाणवनस्पती, पेटीतला माणूस वैद्य असणार. "केमिस्टला वैद्य सापडला, मालू!" आणि हसला. कितीतरी महिन्यांनी.

मी चहा ठेवला आणि बाहेर आले. भ्याड आहे मी. लिहून ठेवते म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

२९ जुलै, शुक्रवार

श्रीरंगने उत्तर सांगितलं: "सोबत फोटो जोडला आहे. त्यात पाने स्पष्ट दिसतील." मी टाइप केलं: लाकूड मधल्या काळात वाळवीने आणखी खाल्लं आहे, आता फोटोत काही दिसत नाही, फेब्रुवारीत चित्र काढलं तेव्हा पाने स्पष्ट होती. वरच्या भागाचा फोटो जोडला. त्याला मात्र त्याचंच वाक्य वाचून दाखवलं.

खरं सांगू, पाठवा म्हणून बटण दाबलं तेव्हा जीव भांड्यात पडला. बिचाऱ्याचं एवढं एक सुख आहे. त्याने कुणाचं काय वाकडं होतंय? चार हजार वर्षांपूर्वीचं गवत.

२१ मार्च २०१७, मंगळवार

मंजूर! क्रमांक मिळाला. श्रीरंगने तो पाठ केला, फोनवर सगळ्यांना सांगितला, दूधवाल्यालासुद्धा. तो म्हणाला, "बाबूजी, ये लॉटरी का है क्या?" मी श्रीखंड केलं. महाराष्ट्र मंडळातून कल्पना आणि जगदीश आले, पेढे घेऊन. कल्पना म्हणाली, मालिनी, तुझं चित्र आता मोबाइलमध्ये येणार गं!

मी हसले. आनंद झालाच. खोटं कशाला लिहू?

१० सप्टेंबर, रविवार

मेट्रो सुरू झाली म्हणून श्रीरंगने हट्ट धरला. चारबागपर्यंत ऑटो, तिथून आलमबागपर्यंत मेट्रो आणि तीच परत. उजवा डोळाही गेल्यात जमा. खिडकीतून काय दिसतंय ते मी सांगत होते आणि हा लहान पोरासारखा ऐकत होता. मी गर्दी, दुकानं, एका गच्चीवरच्या रंगीत चादरी, सगळं सांगितलं. चादरी दोनच होत्या, मी पाच-सहा सांगितल्या. छान वाटावं म्हणून.

लेख चाळीस पानांचा झालाय. रोज सकाळी हा सांगतो आणि मी टाइप करते. प्रत्येक पानावर माझी ती दोन पानं. कधीकधी वाटतं, माझ्याच हाताने मला कुणीतरी चिणतंय. बोलायची वेळ केव्हाच टळून गेली. आता बोलले तर चिन्ह जाणार, लेख जाणार, आणि नवऱ्याजवळ मी उरणार खोटारडी म्हणून.

१८ नोव्हेंबर

चिन्हांचा नवा तक्ता प्रसिद्ध झाला. उघडून बघितला. माझा आकार, बारीक, काळा, नीटस, दोन्ही पानं हुबेहूब जुळलेली. आता तो ब्रह्मदेवालाही काढता येणार नाही. श्रीरंगने विचारलं, कसं दिसतंय? म्हटलं, सुंदर. ते खरंच होतं.

२० जानेवारी २०१८, शनिवार

देवा रे. नुज़हत आपा लेकीकडे अलीगढला कायमच्या चालल्यात. दुपारी ऑटोतून स्वतः आल्या, चादरीत गुंडाळलेली फळी घेऊन. "शेवडे साहब, इसकी क़द्र आपके सिवा कौन करेगा? आप रखिए, फिर जिस म्यूज़ियम को देना हो, दे दीजिएगा."

मी म्हटलं, वाळवी आहे, घरात नको, बाहेर व्हरांड्यात ठेवू, आधी औषध मारू. आपा माझ्याकडे बघत राहिल्या. "उस रोज़ तो आपने ख़ुद साफ़ किया था. कितना निकल आया था नीचे से." श्रीरंगने मान वळवली.

२१ जानेवारी, रविवार

सकाळी अंघोळ करून, हात साबणाने दोनदा धुऊन तो व्हरांड्यात उन्हात बसला. फळी मांडीवर. आयुष्यात पहिल्यांदा तिला हात लागत होता. वरून सुरुवात केली. "हे घुबड," म्हणाला. "हा बगळा. हे पाणी." चेहरा असा उजळला होता की मी दारातून हललेच नाही.

मग देठ. तीन कळ्या मोजल्या. बोट खाली सरकलं, उजवीकडे वळलं आणि थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. तळहात सपाट ठेवून चाचपलं. मग डावीकडे. रेघेत नख घातलं आणि चौकटीच्या बाहेर, कडेपर्यंत नेलं. नख नाकाशी धरलं.

"माती आहे," म्हणाला.

"वाळवीने खाल्लंय रे. मी म्हटलं होतं ना."

"उजवीकडे लाकूड शाबूत आहे, मालू."

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं.

"तू काढलंस तेव्हा पानं होती?"

"होती," म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. आता दुपार झाली, ऊन भिंतीवर चढलं, तरी तो तिथेच बसलाय. जेवायला हाक मारली तर म्हणाला, भूक नाही. मी एकटी जेवले.

२४ जानेवारी

सकाळी नेहमीच्या वेळेला कॉम्प्युटरशी बसले. म्हणाला, "लेखाची फाईल उडव."

"अरे, चाळीस पानं आहेत!"

"उडव."

उडवली. त्याआधी पेनड्राइव्हवर एक प्रत काढून ठेवली. त्याला काय कळतंय.

बोलणं असं आहे: मीठ दे. दार लाव. दिवा चालू आहे का? भांडला असता तर मी चार शब्द बोलले असते, रडले असते, पाय धरले असते. याने ती सोयच ठेवली नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज म्हणाला, "समितीला पत्र. लिही." आणि सलग सांगितलं, आधीच रचून ठेवलेलं असणार. हे चिन्ह मी १९९९ च्या आठवणीवरून सुचवले. ती आठवण चुकीची होती. चित्रातली पाने माझ्या सांगण्यावरून काढली गेली. चूक सर्वस्वी माझी आहे. चित्रकाराने केवळ माझे ऐकले.

आधी रडू आलं. हा माझ्यावर पांघरूण घालायला निघालाय. मग शेवटच्या वाक्याने डोकं सणकलं. केवळ माझे ऐकले! एकतीस वर्षं सायंटिस्टांचं केवळ ऐकलं, आता पापातसुद्धा केवळ ऐकणारीच? आणि आयुष्यभर एका शब्दाची चूक न केलेला हा माणूस माझ्यापायी जगापुढे थापाड्या ठरणार?

नाही. मी खरं टाइप केलं. दोन्ही पाने मी माझ्या मनाने काढली, कामाच्या सवयीने. जुलै २०१६ मध्ये मला ते कळलं आणि मी लपवलं. तुम्हाला पाठवलेलं त्या महिन्याचं उत्तर माझं होतं, माझ्या पतीचं नव्हतं. त्यांना दिसत नाही. खाली माझं नाव घातलं, मालिनी श्रीरंग शेवडे.

"वाच," म्हणाला. मी त्याचं पत्र वाचलं, त्याने सांगितलं तसंच, शेवटच्या वाक्यासकट. "ठीक आहे. पाठव," म्हणाला.

दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तिकडे खरं गेलं आणि इकडे त्याला वाटलं की त्याने मला वाचवलं. कुणाचंच मन मोडलं नाही. संध्याकाळी त्याने आपणहून विचारलं, "तुला थंडी वाजतेय का?" मी शाल घेतली.

१९ फेब्रुवारी

उत्तर माझ्या नावाने आलं. क्रमांक परत घेता येत नाही, तसा नियम आहे. चिन्हाखाली कायमची टीप येईल: पानांना पुरावा नाही, चित्रकार मालिनी शेवडे यांच्या कबुलीवरून. माझं नाव इतकं स्पष्ट कुठेच छापलं गेलं नव्हतं.

श्रीरंगला वाचून दाखवताना जागच्या जागी फिरवलं. प्रिय श्री. शेवडे, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, टीप तुमच्या नावाने येईल. तो "बरं" म्हणाला. माझा हात शोधून दाबला. मग सोडला.

३ मार्च, शनिवार

होळीला वेदांत आलाय नोएडाहून. बाबांसाठी कॉम्प्युटरवर बोलणारं काहीतरी घालून आणलंय. स्क्रीनवर जे असेल ते मशीन मोठ्याने वाचतं. "बाबा, अब किसी से पढ़वाना नहीं पड़ेगा. आई, आप भी फ्री." मी म्हटलं, बरं झालं बाबा, माझा घसा वाचला.

कालची पुरणपोळी संपली म्हणून आज साध्या पोळ्या करत होते. हात पिठात. आतल्या खोलीत वेदांतने विचारलं, क्या सुनाऊँ पहले? श्रीरंग म्हणाला, "पाठवलेली पत्रं. शेवटचं."

मी गॅस बंद केला. बाईचा आवाज, सपाट, अडखळत नाही. दोन्ही पाने मी माझ्या मनाने काढली. जिथे पत्रात ते चिन्ह घातलं होतं तिथे मशीन काहीच बोललं नाही, जरा थांबलं आणि पुढे गेलं. जुलै २०१६ मध्ये मला ते कळलं आणि मी लपवलं. शेवटी माझं नाव.

"आई?" वेदांत दारात आला. "ये आपने लिखा है?"

मी तशीच पिठाच्या हातांनी आत गेले. श्रीरंग कॉम्प्युटरकडे तोंड करून बसला होता.

"मी खरंच लिहिलं होतं, श्रीरंग. तुझ्यावर काही येऊ दिलं नाही मी."

"हो. तिकडे खरं लिहिलंस."

"मग?"

"मला काय वाचून दाखवलंस?"

"तू सांगितलेलं. तुला बरं वाटावं म्हणून. तू माझ्यासाठी एवढं..."

"मला दिसत नाही, मालू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तू सांगतेस तेवढंच मला दिसतं."

मग तो वेदांतला म्हणाला, यातली बटणं मला शिकव, तू उद्या जाणार. वेदांत माझ्याकडे न बघता शेजारी बसला आणि बापाचं बोट एकेका बटणावर ठेवत गेला. वर जायचं असेल तर हे. पुढचं पत्र हवं असेल तर हे. मी स्वयंपाकघरात परत आले.

आता चार वाजलेत. तो अजून तिथेच आहे. आलेली पत्रं, गेलेली पत्रं, मी त्याला डोळे म्हणून वाचून दाखवलेली सगळी, जानेवारी २०१६ पासून एकेक करून लावतोय. बँकेचं, गॅसचं, चंद्रहासभावजींचं, डॉक्टरांच्या तपासण्यांचं. ती मी जशीच्या तशी वाचली होती. अक्षर बदललं नव्हतं. पण हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

मगाशी चहा नेऊन ठेवला. "ठेव," म्हणाला. मशीन मे महिन्यातलं वाचत होतं, दोन हजार सोळाच्या.